ड्रमवर कोण आहे?

जॅझ आवडतो म्हणणाऱ्या माणसाला विचारा, गेल्या पाच वर्षांत निघालेलं काय ऐकलंत? तो ‘काइंड ऑफ ब्लू’चं नाव घेईल. मग जॉन कोल्ट्रेन. मग ‘टेक फाइव्ह’. ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९चा. ‘टेक फाइव्ह’ ज्या ‘टाइम आउट’वर आहे, तो अल्बमही १९५९चाच. दोन्ही थोर आहेत, आणि ते पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या वाक्याशी. ‘आता तसा जॅझ राहिला नाही हो.’

हा न ऐकता दिलेला निकाल आहे. आणि तो देताना निदान ‘काइंड ऑफ ब्लू’वाल्या माइल्स डेव्हिसला तरी साक्षीला उभं करू नका. तो १९५९मध्ये थांबला नव्हता. १९७०मध्ये त्याने ‘बिचेस ब्रू’ काढला आणि इलेक्ट्रिक वाद्यं घेतल्याबद्दल शिव्या खाल्ल्या. १९७२च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये बादल रॉय यांचा तबला घेतला. १९९१मध्ये तो गेला, त्या वर्षी हिप-हॉपच्या ठेक्यांवर त्याचं काम चालू होतं. ज्याचं नाव पुढे करून तुम्ही नवं नाकारता, तो स्वतः जुनं वाजवायला नाही म्हणत असे.

नवं आमच्यापर्यंत पोचतच नाही, असं कुणी म्हटलं तर ते मात्र मी ऐकून घेईन. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. तिथे सीडी उलटी केली की मागे पाच-सहा नावं छापलेली दिसायची. पियानोवर कोण, बासवर कोण, ड्रमवर कोण. आता फोनवर एकच नाव ठळक दिसतं, बाकीच्यांना शोधायला आत आत जावं लागतं आणि तिथेही ते सापडतीलच असं नाही. त्याऐवजी समोर येतात याद्या : कॉफीसाठी जॅझ, अभ्यासासाठी जॅझ, पावसाळी संध्याकाळसाठी जॅझ. लिझ पेली या अमेरिकी पत्रकाराने ‘हार्पर्स’ मासिकात आणि २०२५च्या ‘मूड मशीन’ या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे, की स्पॉटिफायवरच्या अशा याद्यांमध्ये स्वस्तात करवून घेतलेलं आणि अस्तित्वात नसलेल्या कलावंतांच्या नावाने चढवलेलं संगीत घुसवलं जातं. त्यात जॅझच्या याद्याही आहेत. शिवाय २०२४पासून तिथला नियम असा, की वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. लाखांनी ऐकल्या जाणाऱ्या पॉप गायकाला या नियमाचा धक्का लागत नाही. शिकागोच्या एखाद्या चेलोवादकाला लागतो.

तेव्हा याद्या बंद करा. रस्ता दुसरा आहे आणि तो जुनाच आहे.

जॅझचा नकाशा मुख्य कलावंताच्या नावाने उलगडत नाही, साथीदारांच्या नावांनी उलगडतो. या संगीतात बँड सहसा कायमचा नसतो. आज जो दुसऱ्याच्या अल्बमवर मागे ड्रम वाजवतो, तो पुढच्या महिन्यात स्वतःच्या नावाने अल्बम काढतो आणि आजचा नायक त्याच्या मागे बसतो. ‘काइंड ऑफ ब्लू’वर माइल्सखेरीज सहा नावं आहेत : कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब आणि एका ट्रॅकपुरता विंटन केली. त्यातल्या दोघांच्याच मागे गेलात तरी १९६१ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये पोचता. जूनमध्ये तिथे एव्हान्सचं त्रिकूट ध्वनिमुद्रित झालं, नोव्हेंबरमध्ये कोल्ट्रेन. हे कुणाला शिकवावं लागत नाही. आपल्याकडचा ख्यालाचा श्रोता तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे विचारल्याशिवाय तिकीट काढत नाही. तोच श्रोता जॅझपाशी आला की साथीदाराला विसरतो, हे मला समजत नाही.

हाच रस्ता आज चालून बघू. सुरुवातीला एकच अल्बम घ्या : मकाया मॅक्रेव्हनचा ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’, २०१८. मॅक्रेव्हन ड्रमवादक आहे. जन्म पॅरिसचा, आई हंगेरियन लोकगायिका, वडीलही ड्रमवादक, आणि मुक्काम शिकागोत. त्याची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. २०१५च्या ‘इन द मोमेंट’साठी त्याने वर्षभरात २८ मैफली केल्या. आधी काही लिहून नेलेलं नाही, समोर बसलेल्या लोकांपुढे जे सुचेल ते. त्याचं जवळजवळ ४८ तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. ते घेऊन तो घरी कापाकापीला बसला. एक चांगला तुकडा सापडला की तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्यावर दुसऱ्या दिवसाचा तुकडा चढवायचा, मधलं सैल पडलेलं काढून टाकायचं. ऐकताना समजत नाही की हे त्या रात्री असंच वाजलं होतं की कात्रीने घडलं. आता काही शुद्धतावादी म्हणतील, ही फसवणूक झाली. अजिबात नाही. निर्माता टीओ मॅसेरोने माइल्सच्या टेपांना कात्री लावली, त्यातूनच ‘बिचेस ब्रू’ उभा राहिला.

‘युनिव्हर्सल बीइंग्ज’मध्ये मॅक्रेव्हन चार शहरांत जाऊन तिथल्या वादकांबरोबर बसला. न्यूयॉर्कमध्ये हार्पवर ब्रँडी यंगर, व्हायब्राफोनवर जोएल रॉस, चेलोवर टोमेका रीड, बासवर डेझ्रॉन डग्लस. शिकागोत टोमेका रीड पुन्हा आहेच, सोबत बासवर ज्युनियस पॉल आणि लंडनहून आलेला शबाका हचिंग्ज टेनर सॅक्सोफोनवर. लंडनमध्ये नूबाया गार्सिया, ॲश्ली हेन्री, डॅनियल कॅसिमिर. लॉस एंजेलिसमध्ये गिटारवर जेफ पार्कर, आल्टो सॅक्सोफोनवर जॉश जॉन्सन, बासवर ॲना बटरस, व्हायोलिनवर मिगेल ॲटवुड-फर्ग्युसन. एका अल्बमच्या पाठीवर एवढी नावं, आणि त्यातल्या बहुतेकांचे स्वतःचे अल्बम आहेत. मॅक्रेव्हनचा पुढचा ‘इन दीज टाइम्स’ (२०२२) जास्त घोटीव आहे, त्याचं कौतुकही जास्त झालं. मला ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’च अधिक जवळचा वाटतो. त्यात माणसं एकमेकांना पहिल्यांदा चाचपताना ऐकू येतात.

यातला एकच धागा, जेफ पार्करचा, शेवटपर्यंत ओढू.

पार्कर गिटारवादक. २०१६च्या त्याच्या ‘द न्यू ब्रीड’ या अल्बमला वडिलांच्या कपड्यांच्या दुकानाचं नाव आहे, २०२०च्या ‘स्वीट फॉर मॅक्स ब्राउन’ला आईचं. लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागात ‘इटीए’ नावाचा एक छोटा बार होता. तिथे २०१६पासून सात वर्षं दर सोमवारी पार्करची चौकडी वाजवायची : पार्कर, जॉश जॉन्सन, ॲना बटरस, आणि ड्रमवर जे बेलरोज. त्या सोमवारांचे दोन अल्बम निघाले, २०२२चा ‘मंडेज ॲट द एनफील्ड टेनिस अकॅडमी’ आणि २०२४चा ‘द वे आउट ऑफ ईझी’. दुसरा पूर्णपणे एकाच रात्रीचा आहे, २ जानेवारी २०२३च्या.

त्यातला पहिला ट्रॅक, ‘फ्रीकाडेलिक’, वीस मिनिटांहून लांब आहे. एवढा लांब जॅझ म्हटला की लोक घाबरतात, म्हणून थोडं सांगतो. बटरसच्या बासवर एक लहानशी ओळ सुरू होते आणि ती सुटत नाही. बेलरोजचा ड्रम कोरडा, दबका, मोठेपणा न करणारा. जॉन्सन आल्टोचा सूर इलेक्ट्रॉनिक यंत्रातून काढतो, त्यामुळे एका सॅक्सोफोनाचे कधी दोन होतात, कधी मागे धूसर पडदा तयार होतो. पार्कर बराच वेळ जवळजवळ काही करत नाही. दोन सूर. थांबा. पुन्हा तेच दोन सूर, पण किंचित उशिरा. कुणीही ‘आता माझा सोलो’ म्हणून पुढे येत नाही आणि टाळ्यांसाठी कुणी जागा सोडत नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला आपल्या लक्षात येतं की सुरुवातीची ओळ बदलली आहे, आणि नेमकी कुठे बदलली ते आपल्याला पकडता आलं नाही. चार माणसं सात वर्षं दर आठवड्याला एकमेकांसमोर बसली, की हे साधतं. स्टुडिओत दोन दिवस भाड्याने घेऊन साधत नाही. २०२३च्या अखेरीस तो बार बंद झाला. ब्राइस गोन्झालेस या ध्वनिमुद्रकाने त्या रात्री टिपून ठेवल्या नसत्या, तर आज आपल्या हातात त्यातलं काहीच नसतं.

आता या चौकडीतून जॉश जॉन्सनचा हात धरा. मिशेल एन्डेगिओचेलो या बासवादक-गायिकेच्या ‘द ऑम्निकॉर्ड रिअल बुक’चा (२०२३) तो निर्माता. पर्यायी जॅझ अल्बमसाठी ग्रॅमी २०२४पासून सुरू झालं, ते पहिलंच या अल्बमला मिळालं. एन्डेगिओचेलोने पुढे आल्टोवादक इमॅन्युएल विल्किन्सच्या ‘ब्लूज ब्लड’च्या (२०२४) निर्मितीत हात घातला. १९६४मध्ये हार्लेममध्ये पोलिसांनी मारहाण केलेल्या डॅनियल हॅम या पोराच्या जबानीतून त्या अल्बमचं नाव आलं आहे. विल्किन्सच्या चौकडीतला पियानोवादक मायका थॉमस आणि ड्रमवादक क्वेकू सम्ब्री यांची नावं लिहून ठेवा. आणि त्याच अल्बमवर गाणाऱ्यांत एक नाव आहे गणव्या. जन्म न्यूयॉर्कचा, वाढ तमिळनाडूत, हरिकथेच्या संस्कारात. २०२४मध्येच तिचा ‘डॉटर ऑफ अ टेम्पल’ आला. ॲलिस कोल्ट्रेनच्या भक्तिसंगीताशी नातं सांगणारा हा अल्बम ह्यूस्टनमध्ये बरेच कलावंत एकत्र जमवून झाला, त्यांत विजय अय्यर आहे, एस्पेरान्झा स्पाल्डिंग आहे. त्याच वर्षीचा तिचा दुसरा अल्बम शबाका हचिंग्जच्या ‘नेटिव्ह रेबेल’ या लेबलवर निघाला. म्हणजे लॉस एंजेलिसच्या गिटारवादकापासून निघालो आणि शिकागोत सॅक्सोफोन घेऊन बसलेल्या लंडनच्या माणसापाशी परत आलो. एकही तयार यादी न वापरता.

विजय अय्यरचं नाव निघालंच आहे, तर ‘अनईझी’ (२०२१) ऐका. पियानोवर तो, बासवर लिंडा मे हान ओ, ड्रमवर टायशॉन सोरी. २०२४चं संगीताचं पुलित्झर सोरीला मिळालं, ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेला. हा माणूस अय्यरच्या मागे बसून ब्रशने झांजेवर चार फटके मारतो, तेही कान देऊन ऐकावेत.

लंडनबद्दल बरंच लिहून झालं आहे, म्हणून दोनच गोष्टी. एक म्हणजे तिथल्या नव्या पिढीचं श्रेय हवेला नाही, शाळेला आहे. गॅरी क्रॉस्बी आणि जॅनिन आयरन्स यांनी १९९१मध्ये ‘टुमॉरोज वॉरियर्स’ सुरू केलं. पोरांना वाद्यं आणि तालमी फुकट, आणि वरिष्ठांबरोबर वाजवायची सवय. नूबाया गार्सिया तिथली, एझ्रा कलेक्टिव्हही तिथलाच. एझ्राने २०२३मध्ये मर्क्युरी पारितोषिक घेतलं, जॅझ बँडला ते पहिल्यांदाच मिळालं, आणि त्या बँडचा म्होरक्या ड्रमवादक आहे, फेमी कोलेओसो. दुसरी गोष्ट शबाका हचिंग्जच्या ‘सन्स ऑफ केमेट’ची. एक सॅक्सोफोन, एक ट्युबा, दोन ड्रमवादक. २०१८च्या ‘युअर क्वीन इज अ रेप्टाइल’मध्ये प्रत्येक ट्रॅक एकेका कृष्णवर्णीय स्त्रीच्या नावाने आहे : हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस, यंत्रणेशी झगडलेली डोरीन लॉरेन्स, आणि त्यांच्याच रांगेत शबाकाची स्वतःची पणजी ॲडा ईस्टमन. थिऑन क्रॉसची ट्युबा त्यात बासचं काम करते, आणि ती ऐकल्यावर त्याच्या ‘फाया’वर (२०१९) गेल्याशिवाय राहवत नाही. शबाकाने २०२३च्या अखेरीस लंडनमध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवून सॅक्सोफोन खाली ठेवला आणि बासरी हातात घेतली. पुढच्या वर्षी आलेला त्याचा अल्बम न्यू जर्सीच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झाला, कोल्ट्रेनने १९६४मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ जिथे ध्वनिमुद्रित केला त्याच स्टुडिओत. हार्पवर ब्रँडी यंगर. तीच, न्यूयॉर्कची.

आता पुण्याकडे येतो, कारण पुण्याला या सगळ्यात एक वाटा आहे आणि पुण्याने तो कधी मागितलेला नाही. सारथी कोरवार. जन्म अमेरिकेतला, बालपण अहमदाबाद आणि चेन्नईत. सतराव्या वर्षी पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्यात आला आणि राजीव देवस्थळींकडे तबला शिकत राहिला, इथेच ड्रमसेटवर तो हात उतरवला. मग लंडन. २०१६च्या ‘डे टू डे’मध्ये त्याने गुजरातमधल्या रतनपूरच्या सिद्दी कलावंतांचं गाणं-वादन घेतलं. २०१८मध्ये ‘माय ईस्ट इज युअर वेस्ट’. २०१९च्या ‘मोअर अरायव्हिंग’वर ‘मुंबे’ नावाचा ट्रॅक आहे, त्यात मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटातला एमसी मवाली बोलतो आणि मागे कोरवारचा ड्रम धडधडतो. ब्रिटनमधल्या समीक्षकांनी त्यावर रकाने भरले. पुण्यात तबल्याच्या बैठका रोज होतात, तालाच्या हिशेबावर तासन्‌तास वाद होतात. त्याच शहरात घडलेला हात आज जगभर ऐकला जातोय, आणि इथल्या संगीतसभांच्या कार्यक्रमपत्रिकांवर तो मला दिसत नाही. ‘ते फ्यूजन आहे’ एवढं म्हणून विषय संपवणाऱ्यांनी २०२२चा ‘कलक’ एकदा पूर्ण ऐकावा. तिथे तबल्याचा माणूस तालाला रेघेऐवजी वर्तुळासारखं बघतोय. आवर्तन मानणाऱ्या श्रोत्याला त्यात परकं वाटावं असं काही नाही.

साथीदाराचं नाव गाळायची खोड आपल्याकडे जुनी आहे. १९५१च्या ‘अलबेला’ला सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं संगीत. त्यांचा सहायक होता चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून नावारूपाला आलेला. चिकचं नाव निदान उरलं. पण त्या काळी फिल्मी वाद्यवृंदांत सॅक्सोफोन, ट्रम्पेट, व्हायोलिन वाजवणारे कित्येक गोंयकार होते, ज्यांचं नाव ना पडद्यावर आलं ना तबकडीवर. ग्रेगरी बूथ यांनी त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना गाठून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८मध्ये लिहिलं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२मध्ये आलं. म्हणजे ज्यांचं संगीत ऐकत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या, त्यांची नावं आपल्याला अर्ध्या शतकानंतर पुस्तकातून शोधावी लागली. तीच चूक आज चालू ठेवायला काही कारण नाही. तेव्हा निदान माहीत करून घ्यायची सोय नव्हती.

सोय आता आहे. वर सांगितलेलं बरंचसं बँडकॅम्पवर मिळतं. तिथे अल्बमच्या पानावर खाली सहसा सगळ्यांची नावं आणि वाद्यं असतात. विक्रीतला मोठा हिस्सा कलावंताला किंवा त्याच्या छोट्या लेबलला जातो, डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के ठेवतं. मार्च २०२०पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडतं. नव्या छपाईत आवाज जास्त स्वच्छ आहे म्हणून ‘काइंड ऑफ ब्लू’ची रेकॉर्ड तिसऱ्यांदा विकत घेण्याआधी, तेवढ्या पैशात टोमेका रीडचे किती अल्बम येतात ते बघा.

राहता राहिली आपली हॉटेलं. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात आठवड्यातून एखाद्या रात्री ‘लाइव्ह जॅझ’ अशी पाटी लागते. पाटीवर जेवणाचे पदार्थ असतात, कॉकटेलची नावं असतात, आत यायचे किती पैसे ते असतं. वाजवणारे मात्र ‘बँड’. त्या चौघांतला एखादा पाच वर्षांनी कुठे वाजवत असेल, कुणाबरोबर अल्बम करत असेल, कुणी सांगावं. पण त्या रात्री समोर बसलेल्याला तो पुढे सापडायचा कसा? मालकांनो, नावं लिहा. चौघांचीही, वाद्यासकट. पाटीवर जागा पुरत नसेल तर ‘लाइव्ह जॅझ’ हे दोन शब्द काढा.